टॅरोतील तलवारी : चित्रे, अर्थ आणि त्यांच्याभोवतीची भीती

शमी (धागाकर्ती)

चार वर्षांपूर्वी आईच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. त्याच आठवड्यात एका प्रदर्शनात मी सहज म्हणून टॅरो वाचन करून घेतले आणि शेवटचा पत्ता निघाला तो तलवारींच्या दश्शीचा: पालथा पडलेला माणूस आणि त्याच्या पाठीत रुतलेल्या दहा तलवारी. वाचकाने पत्ता हातात धरून गंभीरपणे सांगितले की, या महिन्यात घरात कुणाच्याही अंगाला शस्त्र लावू देऊ नका. मी घाबरले, आईला गळ घातली आणि तारीख पुढे ढकलली. त्यानंतर पाच आठवडे आईने दर चार-पाच दिवसांनी उठणारी कळ सोसली. शस्त्रक्रिया नंतर व्यवस्थित पार पडली. पण त्या पाच आठवड्यांचा विचार मनातून गेला नाही. पत्त्याचा तो अर्थ कुठून आला हे शोधण्यासाठी मी टॅरो शिकायला घेतले. ज्यांना या संचाची धास्ती वाटते त्यांच्यासाठी चार वर्षांत जे कळले ते येथे मांडत आहे.

प्रथम परिचय. टॅरोच्या ७८ पत्त्यांपैकी २२ मेजर आर्कानाचे (सैतान, मनोरा यांसारखी स्वतंत्र चित्रे) आणि ५६ मायनर आर्कानाचे असतात. मायनरमध्ये छड्या, चषक, तलवारी आणि नाणी असे चार संच असून प्रत्येकात एक्का ते दश्शी हे दहा आणि दरबारातील चार, म्हणजे पेज, नाइट, राणी व राजा, असे १४ पत्ते येतात. आपल्या पत्त्यांतील इस्पिकाची जागा येथे तलवारींची आहे. इंग्रजीत इस्पिकाला जो शब्द आहे तो मुळात इटालियन भाषेतील तलवारींच्या नावावरूनच आला आहे.

तलवारीचे हे चिन्ह टॅरोपेक्षा जुने आहे. इजिप्तच्या मामलूक राजवटीतील पत्त्यांत तलवारी, चषक, नाणी आणि पोलोच्या काठ्या असे चार संच होते. त्यांतला एक हाताने रंगवलेला जोड इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे. युरोपात पत्ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचले आणि पोलो ठाऊक नसलेल्या लोकांनी त्या काठ्यांच्या छड्या केल्या, पण तलवार तशीच राहिली. आपल्याकडच्या मुघल गंजिफ्यातही आठ संचांपैकी एक शमशेरीचा असतो. टॅरो मात्र १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत तयार झाले, तेही खेळण्यासाठी. त्यावरून भविष्य पाहण्याची पद्धत छापील स्वरूपात आली ती थेट अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये: १७८१ मध्ये कूर द जेबलँ यांनी टॅरोला प्राचीन इजिप्तचे ज्ञान ठरवले, आणि एतेया या नावाने लिहिणाऱ्या झाँ-बाप्तिस्त आलिएत यांनी १७८५ मध्ये पत्त्यांचे अर्थ सांगणारे पुस्तक काढले. इजिप्तचा तो दावा पुढे टिकला नाही, परंतु एतेयांचे अर्थ टिकले, आणि त्यांतले काही आजही वाचकांच्या तोंडी आहेत.

आपण ज्या चित्रांना घाबरतो ती मात्र १९०९ सालची आहेत. लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने काढलेल्या या संचाची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. त्यापूर्वी बहुतेक संचांत एक्का ते दश्शी या पत्त्यांवर प्रसंग नसत. दहा तलवारी म्हणजे दहा तलवारींची सुबक मांडणी एवढेच असे. पाठीत रुतलेल्या तलवारी, काळोखात उठून बसलेली व्यक्ती, डोळे बांधलेली स्त्री हे सारे पामेलाबाईंच्या हातून आले. त्यांनी हेन्री आयर्विंग आणि एलन टेरी यांच्या नाटक मंडळींबरोबर काम केले होते, आणि या पत्त्यांकडे रंगमंचावरील थांबलेला प्रवेश म्हणून पाहिले की त्यांची रचना चटकन कळते. समोर पात्र, मागे पडदा, आणि बऱ्याचदा पात्राला न दिसणारी एखादी गोष्ट त्या पडद्यावर.

वेट आणि पामेलाबाई दोघेही गोल्डन डॉन या १८८८ मध्ये स्थापन झालेल्या गूढविद्येच्या मंडळाशी संबंधित होते. त्या मंडळाने तलवारींना वायुतत्त्व दिले. वायू म्हणजे श्वास, श्वासातून शब्द, शब्दातून विचार. म्हणून बुद्धी, वाणी, निवाडा, वाद आणि चिंता ही सगळी या संचाची हद्द. मराठीत आपण जिभेला धार आहे म्हणतो, बोलणे जिव्हारी लागले म्हणतो, मानेवर टांगती तलवार आहे म्हणतो, तेव्हा नकळत याच संचाची भाषा बोलत असतो. चित्रांतही वायू सर्वत्र आहे: फाटके ढग, वाऱ्याने वाकलेली झाडे, पक्षी, राणीच्या मुकुटावरची आणि राजाच्या सिंहासनावरची फुलपाखरे.

आता पत्ते. *एक्का* म्हणजे ढगातून आलेला हात आणि त्यात उभी धरलेली दुधारी तलवार, तिच्या टोकावर मुकुट, मुकुटाला लटकलेल्या ऑलिव्ह आणि ताडाच्या फांद्या. ऑलिव्ह शांततेची आणि ताड विजयाचा. एकाच पात्यावर दोन्ही. मनातला गोंधळ तोडणारा स्पष्ट विचार असा याचा अर्थ मी घेते. *दुर्री*त समुद्राकडे पाठ करून बसलेली स्त्री आहे, डोळ्यांवर पट्टी, छातीशी दोन तलवारींची फुली. वेट येथे समतोल आणि सलोखा सांगतात. आजचे वाचक अडलेला निर्णय सांगतात. मला दोन्ही पटतात, कारण शस्त्रे खाली न ठेवता झालेला सलोखा हा पुढे ढकललेला निर्णयच असतो.

*तिर्री*त माणूसच नाही. पावसाळी आभाळ, एक हृदय आणि त्यातून आरपार गेलेल्या तीन तलवारी. काळजाला घरे पडणे याचे इतके नेमके चित्र मी दुसरे पाहिलेले नाही. ही कल्पना मात्र पामेलाबाईंची नव्हे. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या सोला बुस्का नावाच्या इटालियन संचात हेच चित्र आहे, आणि १९०७ च्या सुमारास त्या संचाची छायाचित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती. त्याच संचातला तलवारींचा भारा वाहणारा वाकलेला माणूस पामेलाबाईंनी छड्यांच्या दश्शीत घेतला. यावरून एक गोष्ट ध्यानात येते की, चित्रे या संचातून त्या संचात सहज गेली आहेत आणि कोणत्याही चित्राला अनादी, अटळ अर्थ चिकटलेला नाही. वेट तिर्रीचे अर्थ देताना दूर जाणे, अनुपस्थिती, विलंब आणि ताटातूट हे शब्द प्रथम देतात. माझी मुलगी शिक्षणासाठी जर्मनीला निघाली त्या आठवड्यात मला हाच पत्ता आला होता, आणि त्यात विश्वासघात वगैरे शोधण्याची काही गरज नव्हती.

*चव्वी*त चर्चमधील थडग्यावर हात जोडून निजलेला योद्धा आहे. तो मृत नाही असे म्हणणारे आणि ती केवळ दगडी मूर्ती आहे असे म्हणणारे, दोघेही सापडतात. अर्थ मात्र बहुतेकांचा एक: माघार, एकांत, विश्रांती. तीन तलवारी भिंतीवर टोके खाली करून टांगलेल्या आहेत आणि चौथी थडग्याच्या अंगाला आडवी आहे. *पंजी*त जिंकणारा हसतो आहे आणि हरलेले दोघे पाठ फिरवून चालले आहेत. वाद जिंकून माणसे गमावणे, एवढे पुरे. *छक्की* नावेची, *सत्ती* छावणीतून पाच तलवारी उचलून निसटणाऱ्या माणसाची. सत्तीला सरसकट चोरी म्हणतात, पण वेट यांच्या यादीत बेत, प्रयत्न आणि आशा हे आधी येतात आणि फसू शकणारी योजना नंतर.

*अठ्ठी* आणि *नव्वी* मी नेहमी जोडीने वाचते. अठ्ठीतील स्त्री बांधलेली आहे, डोळ्यांवर पट्टी आहे, भोवती तलवारी रोवल्या आहेत. मात्र तिचे पाय मोकळे आहेत आणि समोरच्या बाजूला एकही तलवार नाही. वेट यांनी स्वतःच म्हटले आहे की हे बंधन कायमचे नसून तात्पुरते आहे. नव्वीत पट्टी सुटली आहे, पण रात्र आहे. अंथरुणात उठून बसलेली व्यक्ती तोंड हातांत झाकून आहे आणि नऊ तलवारी मागच्या काळ्या भिंतीवर आडव्या आहेत. नीट पाहावे: त्यांतली एकही तिच्या अंगात रुतलेली दिसत नाही. तिच्या पांघरुणावर गुलाब आहेत, राशींची चिन्हे आहेत, आणि पलंगाच्या लाकडावर एक माणूस दुसऱ्याला पाडतो आहे असे कोरीव चित्र आहे. दिवसा झालेला प्रसंग तेवढाच, पलंगाच्या फळीएवढा. बाकी सारी रात्र.

*दश्शी*विषयी वेट स्पष्ट लिहितात की, हा विशेषत्वाने हिंसक मृत्यूचा पत्ता नाही. दुःख, अश्रू, उजाड अवस्था हे त्यांचे शब्द आहेत. चित्रात वर काळे आभाळ आहे आणि खाली क्षितिजावर पिवळा उजेड. शस्त्रक्रियेचा उल्लेख कुठेच नाही. तो त्या दिवशी मला सांगणाऱ्याने पात्यावरून सुरी, सुरीवरून शस्त्रक्रिया असा स्वतः जोडला होता.

दरबारातील पत्त्यांविषयी प्रतिसादांत बोलू. आपापले अनुभव आणि मतभेद अवश्य लिहावेत.

कावेरीकाठ

शमीताई, लेख अतिशय आवडला. मी मार्सेय पद्धतीचा जुना फ्रेंच संच वापरतो, त्यामुळे एक भर घालतो. त्यात तलवारी सरळ नसून कोयत्यासारख्या वाकड्या आहेत आणि दोन्ही बाजूंनी एकमेकींत गुंफून त्यांचा बदामासारखा लंबगोल तयार होतो. सम संख्येच्या पत्त्यांत त्या लंबगोलाच्या आत फूल असते आणि विषम संख्येच्या पत्त्यांत एक सरळ तलवार उभी असते. म्हणून आमच्याकडे दोन, चार, सहा, आठ म्हणजे कुंपणाच्या आत काहीतरी जपलेले, आणि तीन, पाच, सात, नऊ म्हणजे त्या कुंपणात शिरलेली धार, असे वाचन होते. दश्शीत मात्र दोन सरळ तलवारी आत येतात. इतक्या साध्या आकृतीवरून वाचताना भीती वाटण्याला जागाच राहत नाही, हे आपल्या मुद्द्याला पूरक आहे.

आणखी एक गोष्ट. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी सोन्याच्या वर्खावर रंगवलेला जो प्रसिद्ध संच आहे, त्याचे ७४ पत्ते न्यूयॉर्क आणि बेर्गामो येथे विभागून आहेत आणि चार हरवले आहेत. त्या चारांत सैतान आणि मनोरा यांच्याबरोबर नेमकी तलवारींची तिर्रीही आहे. चौथा पत्ता नाण्यांचा नाइट आहे, त्यामुळे अशुभ म्हणून कुणी काढून टाकले असावेत हा तर्क मला फारसा पटत नाही. पण तो वारंवार ऐकू येतो म्हणून नोंदवतो.

द्रेष्काण

मी पत्रिका पाहतो, टॅरो नाही. तरीही एक शंका विचारतो. गोल्डन डॉनच्या पद्धतीत प्रत्येक पत्त्याला राशीचे दहा अंश आणि एक ग्रह दिलेला असतो असे वाचले आहे, आणि तलवारींच्या तिर्रीला तुळेतला शनी दिला आहे. आपल्याकडे शनी तुळेत उच्चीचा, म्हणजे सर्वांत बलवान, मानतात. उच्चीच्या ग्रहाला दुःखाचा पत्ता कसा?

शमी

उत्तम प्रश्न. गोल्डन डॉनने दुर्री ते दश्शी या ३६ पत्त्यांना राशिचक्राचे दहा-दहा अंशांचे ३६ भाग वाटून दिले. तलवारींच्या वाट्याला तूळ, कुंभ आणि मिथुन या तीन वायुराशी आल्या. दुर्री, तिर्री, चव्वी तुळेच्या, पंजी, छक्की, सत्ती कुंभेच्या आणि अठ्ठी, नव्वी, दश्शी मिथुनेच्या. प्रत्येक पत्त्याला त्यांनी एक बिरुदही दिले: दुर्री म्हणजे परत प्रस्थापित झालेली शांती, तिर्री म्हणजे दुःख, चव्वी म्हणजे संघर्षातून विसावा, छक्की म्हणजे कष्टाने मिळवलेले यश, दश्शी म्हणजे विनाश. शनी तेथे उच्चीचा आहे ही गोष्ट पाश्चात्त्य ज्योतिषालाही मान्य आहे. तरीही कब्बाला या ज्यू गूढपरंपरेतील ज्या दहा स्थानांच्या वृक्षावर हे सगळे बसवले आहे, त्यात तिसरे स्थान बिना या मातृरूप तत्त्वाचे आणि शनीचे आहे, आणि तिचे दुःख हे समज आल्यामुळे होणारे दुःख मानले जाते. उच्चीचा शनी म्हणजे न्याय, आणि न्याय झाला की दोघांपैकी एकाला तरी रडू येतेच, असे मी ते समजून घेते. ही माझी समजूत आहे, त्यांच्या ग्रंथातील वाक्य नव्हे.

द्रेष्काण

समजले. मग मी थोडे गणित करून पाहिले. दहा अंशांच्या भागाला आपण द्रेष्काण म्हणतो, मात्र त्याचा स्वामी ठरवण्याची पाराशरी रीत वेगळी आहे: पहिल्या द्रेष्काणाचा स्वामी त्याच राशीचा, दुसऱ्याचा तिच्यापासून पाचव्या राशीचा आणि तिसऱ्याचा नवव्या राशीचा. गोल्डन डॉनने शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र हा गतीचा क्रम सलग फिरवला आहे. दोन्ही पद्धतींनी तलवारींचे नऊ पत्ते तपासले असता फक्त दोन ठिकाणी मेळ बसतो. तुळेच्या दुसऱ्या द्रेष्काणाचा स्वामी कुंभेचा म्हणून शनी, आणि कुंभेच्या दुसऱ्या द्रेष्काणाचा स्वामी मिथुनेचा म्हणून बुध. म्हणजे तिर्री आणि छक्की. बाकी सात ठिकाणी ग्रह निराळे येतात. शिवाय त्यांची रास सायन (ऋतुचक्रावरून मोजलेली) आणि आपली निरयन (ताऱ्यांवरून मोजलेली). त्यामुळे ज्योतिष जाणणाऱ्यांनी या पत्त्यांवर आपल्या पद्धतीचे फलित लादू नये, असे माझे मत झाले आहे.

शमी

हे काम मी स्वतः केले नव्हते. मनापासून आभार. मी सुरुवातीला मिथुनेच्या बुधाचे गुण नव्वीला लावत असे. तेथे त्यांच्या मते मंगळ आहे, आणि मंगळ धरल्यावर पलंगाच्या फळीवरील ते द्वंद्व जागेवर बसते.

सांजवात

मला राणीविषयी लिहायचे आहे. माझ्या सासूबाई बावन्नाव्या वर्षी एकट्या झाल्या. दोन वर्षांपूर्वी एका घरगुती कार्यक्रमात त्यांच्यासाठी काढलेला पत्ता तलवारींची राणी निघाला, आणि वाचणाऱ्या बाईंनी सर्वांसमोर "हा विधवेचा पत्ता" असे म्हटले. सासूबाई उठून आत गेल्या. त्यांनी आयुष्यभर पतसंस्थेचे हिशेब तपासले, दोन मुलांची शिक्षणे केली, आणि एका पत्त्यात त्यांचे एवढेच उरावे याचे मला अजून वाईट वाटते. हा अर्थ खरोखर आहे की त्यांनी मनचे सांगितले?

शमी

सांजवात, वाचून फार वाईट वाटले. तो अर्थ मनचा नाही, जुना आहे. एतेयांनी या राणीला वैधव्य हा शब्द दिला आणि वेट यांनीही आपल्या पुस्तकात वैधव्य, स्त्रीचे दुःख, अनुपस्थिती हे अर्थ ठेवले. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये नवऱ्याच्या मागे स्वतःच्या नावाने व्यवहार करू शकणारी स्त्री बहुधा विधवाच असे, त्यामुळे स्वतंत्र बुद्धीने वागणाऱ्या स्त्रीसाठी त्यांच्याजवळ दुसरे चित्र नसावे असे मला वाटते. आता चित्र पाहू. राणी बाजूने दिसते, उजव्या हातातील तलवार सरळ उभी आहे आणि तिची मूठ सिंहासनाच्या हातावर टेकली आहे. डावा हात पुढे आहे, जणू समोरच्याला बोलायला सांगतो आहे. ढग तिच्या खाली आहेत, डोक्यावरचे आभाळ मोकळे आहे, त्यात एकच पक्षी. आधी ऐकून घेणारी आणि मग खरे तेच बोलणारी व्यक्ती, असे मी हा पत्ता आला की सांगते. हिशेब तपासणाऱ्या आपल्या सासूबाईंना तो आला, यात मला गैर काही दिसत नाही. सर्वांसमोर जे बोलले गेले ते मात्र गैर होते.

राजा समोर तोंड करून बसलेला असतो आणि त्याची तलवार किंचित कललेली असते. तो निवाडा देतो. नाइट भरधाव घोड्यावर आहे, बरोबर असूनही घाईने बोलून जाणारा. पेज दोन्ही हातांनी तलवार पेलतो आहे आणि वाऱ्याच्या दिशेला सावध आहे. या चौघांना मी वय किंवा लिंग लावत नाही.

सांजवात

आज संध्याकाळी त्यांना हे वाचून दाखवले. त्यांनी पत्त्याचे चित्र मागून घेतले आणि बराच वेळ पाहिले. पुढे केलेल्या हाताविषयी त्यांनी दोनदा विचारले.

त्रैराशिक

मी संख्याशास्त्र शिकवतो. टॅरोने भविष्य कळते असे मी मानत नाही, पण धाग्याचा सूर प्रामाणिक आहे म्हणून उपयोगी पडेल असे काही देतो. ७८ पत्त्यांत १४ तलवारी आहेत. केल्टिक क्रॉस या दहा पत्त्यांच्या मांडणीत एकही तलवार न येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के आहे. म्हणजे शंभरातल्या ८८ मांडण्यांत किमान एक तलवार येणारच. सरासरी एका मांडणीत जवळजवळ १.८ तलवारी पडतात. चार किंवा अधिक येण्याची शक्यता सुमारे सात टक्के आहे. आता दश्शी. दहा पत्त्यांत एखादा ठरावीक पत्ता येण्याची शक्यता दहा भागिले ७८, म्हणजे सुमारे १२.८ टक्के. दर आठ मांडण्यांमागे एकदा. एखादा वाचक दिवसाला आठ जणांचे वाचन करत असेल, तर त्याच्यासमोर दररोज सरासरी एकदा तो पालथा पडलेला माणूस येतो. त्या प्रत्येकाच्या घरातली शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली तर काय होईल, याचा विचार वाचकांनी करावा. वैद्यकीय निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा, हे वेगळे सांगायला नको.

शमी

ही आकडेमोड मी वहीत उतरवून घेतली आहे आणि यापुढे वाचनाला बसणाऱ्या प्रत्येकाला ती आधी सांगणार आहे. केल्टिक क्रॉस लोकांपर्यंत पोहोचवला तोही वेट यांनीच, १९११ च्या पुस्तकातून. चार किंवा अधिक तलवारी आल्या तर प्रश्नकर्त्याच्या मनात विचारांची गर्दी आहे असे मी म्हणत असे. सात टक्के हा आकडा पाहता तसे म्हणण्याआधी प्रश्नकर्त्यालाच विचारणे बरे.

तरवाला

छक्कीविषयी कुणीच लिहिले नाही. माझे बालपण खाडीकाठी गेले, पूल होण्याआधी आम्ही तरीनेच पलीकडे जात असू. त्यामुळे हा पत्ता मला फार जवळचा आहे. नावाडी उभा राहून लांब बांबूने नाव रेटतो आहे, पुढे अंगावर वस्त्र ओढून बसलेली एक व्यक्ती आणि तिच्याशेजारी मूल, आणि नावेच्या पुढच्या भागात सहा तलवारी उभ्या रोवलेल्या. पाण्याकडे पाहिलेत का? नावेच्या एका अंगाला लाटांच्या रेषा आहेत, दुसऱ्या अंगाला पाणी सपाट आहे. बांबू वापरायचा म्हणजे तळ लागतो आहे, पाणी खोल नाही. वल्हे दिले असते तर अर्थ बदलला असता. पुष्कळ ठिकाणी असे लिहितात की तलवारी तळातून आरपार गेल्या आहेत, म्हणून त्या उपटल्या तर नाव बुडेल, आणि म्हणून दुःख बरोबर न्यावेच लागते. नावेत बसलेल्या माणसाला हे पटणार नाही. तळाला सहा भोके असलेली नाव काठही सोडत नाही. त्या फळ्यांत रोवलेल्या आहेत, बरोबर घेतलेल्या सामानासारख्या.

शमी

वेट यांचे या पत्त्यावरचे वाक्य आपल्या बाजूचे आहे. ते लिहितात की प्रवाह शांत आहे आणि भार हलका असल्याने हे काम नावाड्याच्या ताकदीबाहेरचे नाही. भार हलका! सहा तलवारी असूनही. बांबू आणि उथळ पाण्याचा मुद्दा मी कुठेही वाचला नव्हता. येथे भविष्यार्थ म्हणून जलप्रवास, वाट, दूत हे येतात. आमच्यासारख्या घरांत तो पत्ता हल्ली परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी वाचला जातो, आणि तिर्रीनंतर तो आला तर मी तेथे अधिक काही बोलत नाही. अ‍ॅलिस्टर क्राउली आणि चित्रकर्ती फ्रीडा हॅरिस यांच्या थॉथ नावाच्या टॅरो संचात याच पत्त्याला विज्ञान असे नाव आहे, आणि बुध-कुंभ या जोडीशी ते जुळते. पण त्यात होडी नाही, पाणी नाही, कुणाला पलीकडे न्यायचे नाही. त्यामुळे मला पामेलाबाईंचाच पत्ता अधिक भरलेला वाटतो.

कावेरीकाठ

थॉथविषयी थोडा असहमत आहे. तेथे सत्तीला निष्फळता आणि अठ्ठीला अडथळा अशी नावे आहेत, आणि ती चित्रातल्या नाट्यापेक्षा प्रश्नकर्त्याच्या परिस्थितीला जास्त लवकर लागू पडतात. बांधलेली स्त्री दाखवली की ऐकणारी स्त्री स्वतःला बांधलेली समजू लागते. अडथळा म्हटले तर ती अडथळा शोधते.

शमी

मान्य. अठ्ठीच्या बाबतीत मी हा धोका प्रत्यक्ष पाहिला आहे.

पहाटवारा

मी नुकतीच शिकू लागले आहे. एक व्यावहारिक प्रश्न विचारते. आजारी माणसांच्या नातेवाइकांसाठी वाचन करताना दश्शी आणि नव्वी आधीच बाजूला काढून ठेवावी का? आणि हे पत्ते उलटे पडले तर अर्थही उलटा घ्यावा का?

शमी

उलट्या पत्त्याविषयी आधी. वेट यांनी दश्शीच्या उलट्या स्थितीला लाभ, यश आणि कृपा असे अर्थ दिले आहेत, मात्र यांतले काहीच टिकाऊ नाही असेही जोडले आहे. मी सरसकट उलट अर्थ घेत नाही. पत्ता उलटा धरला की दश्शीत काळे आभाळ खाली जाते आणि पिवळा पट्टा वर येतो, तेवढाच बदल मी बोलून दाखवते.

पत्ते काढून ठेवण्याविषयी. आईच्या प्रसंगानंतर मी पहिला संच घेतला, तेव्हा दश्शी काढून पुस्तकात घालून ठेवली होती आणि दोन-तीन महिने ७७ पत्त्यांवरच सराव केला. एके दिवशी आईला ते पुस्तक हवे होते, आणि पत्ता तिच्या हाती लागला. "मला ज्याच्यामुळे थांबवलंस तो हाच का?" तिने विचारले. मी हो म्हटले. तिने चष्मा लावला, पत्ता खिडकीशी नेला आणि तलवारी मोजल्या. मग म्हणाली, "अगं, माणूस पडायला एक पुरे होती. बाकीच्या नऊ कशाला?" मी वेट यांचे अर्थ सांगू लागले, तर तिने पत्ता माझ्या हातात ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली.

त्या दिवसापासून पत्ता संचात आहे. तो निघाला की मी प्रश्नकर्त्याला प्रत्यक्ष घडलेली गोष्ट कोणती ते विचारते आणि तिच्यासाठी एका तलवारीवर बोट ठेवायला सांगते. बहुतेक जण डोक्याच्या जवळची निवडतात. त्यानंतर उरलेल्यांविषयी एकेक करून बोलतो, आणि त्याला बराच वेळ लागतो, म्हणून त्या दिवशी पुढचे पत्ते मी उघडत नाही.